झाकण लावून काढलेला फोटो

तुळशीचं लग्न लागलं की बेसा रोडवरचे लॉन पेटतात.
एका रात्रीत सहा वराती,
आणि माझ्या गच्चीच्या उत्तरेला, ऐन देवयानीखाली,
गुलाबी झोतांचं एक कमळ फिरत राहतं.

दोन हिवाळे मी त्या कमळाला शिव्या दिल्या.
मग एकदा झाकण लावूनच फोटो काढला,
तीन मिनिटांचा. दुर्बिणीचा डोळा बंद,
म्हणजे काहीच यायला नको.
आलं.
डाव्या कडेला, नखाच्या कोरीएवढं,
दुधाच्या पातेल्याला साय राहते तसं काहीतरी.
तेव्हा कळलं, उजेड आकाशातून येतच नव्हता,
माझ्याच नळीच्या मागच्या दाराने येत होता.

खाली राहतात केवळराम हेडाऊ. वय चौऱ्याहत्तर.
महालातल्या स्टुडिओत चाळीस वर्षं
लोकांचे चेहरे पाण्यातून वर काढले त्यांनी.
म्हणाले, "हे तं काळ्या खोलीचं काम हाय. मले बलवाचं ना."

जिन्यात तीनदा थांबले.
वर येऊन दुर्बिणीभोवती एक चक्कर मारली,
गाय घ्यायला आलेला माणूस मारतो तशी,
आणि शेपटाशी वाकून म्हणाले,
"समोरून सारेच झाकतात. मांगून कोन पायते?"

गच्चीचा दिवा बंद केला.
टॉर्च सुतळीला बांधून नळीत सोडला,
आणि बाहेरून बघत बसलो
आत कोंडलेला उजेड कुठून कुठून पळतो ते:
आरशाच्या बैठकीभोवती अख्खं कडं,
स्क्रूंची तीन भोकं,
फोकसरच्या मानेशी एक फट.
तिच्यात माझं नखही शिरत नव्हतं,
पण सहा वराती शिरल्या होत्या.
काका खडूने खुणा करत गेले.

मे महिन्यात मी एकदा चिकटपट्टी लावून पाहिली होती.
सेहेचाळीस अंशांत तिचा डिंक ओघळला
आणि नळीच्या पाठीवर मुंग्यांच्या वाटेसारखा वाळला.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी बोट फिरवून पाहिलं, तेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेत काळी मखमल.
दुकानदार म्हणाला, ब्लाउजला की देव्हाऱ्याला?
दुर्बिणीला, म्हटल्यावर मीटरमागे दहा रुपये कमी केले,
का, ते त्यालाच ठाऊक.
काकांनी कापड ट्यूबलाइटसमोर धरलं, ताणलं,
हे नाही, ते नाही, तिसरं ठाण.
कोष्ट्याचं पोर, बापाच्या मागाखाली निजून वाढलेलं.
"वीण ढिली पायली का घुसला उजेड," म्हणाले.
"त्याले बोलवा लागत नाही."

शेपटाला टोपी शिवली त्यांनीच, इलास्टिक घालून:
आतून मखमल, बाहेरून काकूंच्या छत्रीचं कापड.
काकूंना जाऊन चार वर्षं झाली.
छत्रीची मूठ त्यांनी ठेवून घेतली,
तिच्यावर नेलपॉलिशने नाव आहे.

रात्री लॉनवर बँड वाजत होता.
झाकण लावलं. तीन मिनिटं
दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गप्प.
मग स्क्रीनवर आलं ते काळं.
डावी कड काळी. कोपरे काळे.
काकांनी चष्मा कपाळावर नेला, नाक टेकेपर्यंत वाकले.
असा कागद निघाला की स्टुडिओचा मालक पगार कापायचा त्यांचा.
बराच वेळ बघून म्हणाले, "बेस आला."

मी फोटो वाढवून दाखवला.
चार-पाच लाल ठिपके, एक निळा.
"तारे?"
नाही काका, हा कॅमेऱ्याचा स्वतःचाच ताप.
बाहेरून नाही येत. नंतर पुसता येतो.

तिकडे फटाक्यांची माळ लागली.
आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.
"राहू दे," ते म्हणाले. "घरचे हायेत ते."

झाकण काढायचं राहूनच गेलं.
देवयानी तोवर शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे गेली होती.